कोटातले नाना

नानांनी जन्मात कधी कोट घातला नाही. लेकाच्या, प्रशिकच्या लग्नात सून सारिकाच्या माहेरच्यांनी मानाने कोटाचं कापड दिलं होतं, तर ते शिंप्याकडे जायच्या ऐवजी पावसाळ्यात शेळीच्या पाठीवर गेलं. मेल्यावर मात्र नाना वर्षभर निळा कोट आणि लाल टाय घालून भिंतीवर बसले होते. भर वैशाखातही त्यांनी तो उतरवला नव्हता.

आपल्याकडे मेलेल्या माणसाला स्टुडिओवाला फुकटात कोट शिवतो. माणूस गेला की घरचे धावतपळत जातात, असेल नसेल तो फोटो पुढे करतात, आणि तासाभरात मळक्या बंडीतला माणूस साहेब होऊन बाहेर येतो. नानांचा चेहरा लग्नाच्या अल्बममधून उचलला होता. तिसऱ्या ओळीत, दोन फेट्यांच्या मधून डोकावणारा. स्टुडिओवाल्याने तो मोठा केला, गोरा केला, कपाळावरच्या आठ्यांवर इस्त्री फिरवली, मिशी कातरली आणि कोटावर बसवून दिला. मान जराशी वाकडी बसली, पण घाईच्या कामात एवढं चालायचंच.

प्रशिकला फोटो आवडला होता. भिंतीवर वर भगवान बुद्ध, शेजारी बाबासाहेब आणि खाली नाना. बाबासाहेबांच्या खाली बंडीतला माणूस बरा दिसतो का, असं त्याचं म्हणणं. नानांच्या बायकोला, गीताबाईला, ते पटलं नव्हतं. बाबासाहेबांचा कोट म्हणजे बाबासाहेबांचा. त्यांनी तो शिकून, रक्ताचं पाणी करून अंगावर घातला होता. आपल्या नवऱ्याला तो कोणीतरी चिकटवलाय, एवढंच तिचं दुखणं. पण हे बोलायचं कसं? उगाच चार लोकांना वाटायचं, म्हातारीला कोटाचंच वावडं.

शिवाय त्या फोटोत नानांना हात नव्हते. छातीपर्यंत कोट आणि मग चौकटच. गीताबाईने चाळीस वर्षं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं एवढं त्याच्या हातांकडे बघितलं होतं. ते हात रोप लावताना, चुलीपुढे शेंगा सोलताना, पोराच्या तापलेल्या कपाळावर. डाव्या हाताचं पहिलं बोट तर तिच्याच नावावर होतं म्हणा ना. लग्नानंतरच्या पहिल्या भातकापणीत नाना नव्या बायकोकडे बघत इळा चालवत होते. इळ्याने त्यांना शिकवायचं ते शिकवलं. नखाच्या उभ्या दोन फाका झाल्या, शीर तुटली, आणि ते बोट जन्मभर वळलं नाही. सरळच्या सरळ राहिलं.

आणि आता झालं होतं असं, की डोळे मिटले की कोटवालाच यायचा. पहिले काही महिने नाना स्वतः येत होते, बंडीत, खाकरत. मग कधीतरी त्यांच्या जागी हा यायला लागला. परवा तर स्वप्नात टाय घालून दारात उभा राहिला आणि त्याने तिला ओळखलंही नाही. गीताबाई घाबरली. माणूस गेला ते तिने सोसलं होतं, पण त्याचा चेहराही हातचा चालला होता, आणि ती नुसती बघत बसली होती. दोन आठवड्यांवर पहिला स्मृतिदिन आला होता. प्रशिक त्याच कोटाचा मोठा फ्लेक्स करून अंगणात लावणार होता. तो कोटवाला माणसाएवढा होऊन दारात उभा राहिला की आपले नाना कायमचे पुसले जाणार, असं तिच्या मनाने घेतलं. तिला एक फोटो हवा होता. बंडीतल्या, आठ्यांच्या, खऱ्या नानांचा. एकच.

अल्बममध्ये फेट्यांमधलं ते नखाएवढं तोंड तेवढं होतं. तसा फोटो असलाच तर एकाच जागी असणार होता. नानांच्या फुटक्या मोबाईलमध्ये.

चार वर्षांपूर्वी प्रशिकने आपला जुना मोबाईल नानांना दिला आणि म्हाताऱ्याला खूळ लागलं. फोनवर बोलायचे कमी, फोटो काढायचे जास्त. कोंबडी छपरावर चढली, काढ फोटो. तोरण्याच्या माथ्यावर ढग बसला, काढ फोटो. गीताबाई धुराने खोकतेय, तर पाणी द्यायचं सोडून काढ फोटो. "अगं बघ तरी," असं म्हणत मोबाईल तिच्या नाकासमोर धरायचे. ती म्हणायची, "मागनं बघीन, भाकर करपतीया." ते मागनं काही आलं नाही. एवढ्या वर्षांत तिने त्यातला एक फोटो नीट बघितला नव्हता.

गेल्या साली कापणीच्या दिवसांत, न्याहारी होऊन तासभर झाला असेल, नाना बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. खिशातला मोबाईल खाली दगडावर पडला. माणसाला कुठे खरचटलं नव्हतं आणि मोबाईलच्या काचेचा चुरा झाला होता. त्या सकाळी आपण नवऱ्याला शेवटचं काय बोललो, ते गीताबाईने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

महिन्याभराने प्रशिक तिला घेऊन वेल्ह्याच्या बाजारात गेला होता. तिथल्या दुकानदाराने मोबाईल उलटासुलटा केला. "फोल्डर गेलाय," म्हणाला. काच आणि तिच्या खालचा पडदा, दोन्हीला मिळून त्या धंद्यात फोल्डर म्हणतात. "लॉक म्हाईत हाय का? न्हाई? मग फॉरमॅट मारावा लागंल."

गीताबाईला फॉरमॅट कळलं नाही, पण मारावा लागंल एवढं कळलं. तिने मोबाईल काउंटरवरून उचलला. "येकदा मेलंय त्ये बास झालं," म्हणाली आणि तरातरा एसटीच्या दिशेने चालू लागली. दुकानातली माणसं हसली, प्रशिक लाजेने लाल झाला. पण कधी कधी अडाणीपणाच शहाण्याचं काम करून जातो. फॉरमॅट मारला असता तर मोबाईल नव्यासारखा झाला असता आणि आतलं सगळं धुऊन गेलं असतं. तिने तो नानांच्या बंडीत गुंडाळून पेटीत ठेवला आणि पेटीवर गोधड्यांची चळत रचली.

वर्षाने तो पुन्हा बाहेर निघाला तो सारिकामुळे. सून मूळची भोंगवलीची. तिच्या वर्गातली वैष्णवी म्हणून एक पोरगी कापूरहोळला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते, असं ती भांडी घासता घासता बोलून गेली. "लई चिकाटीची हाय, आत्या. पान्यात पडल्यालं मोबाईल जित्तं करती." आणि जरा थांबून म्हणाली, "नानांस्नी म्या सेल्फी शिकवली हुती. स्वतःचा फोटू स्वतः काडायचा. त्यात असतील बघा नाना."

गीताबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आधी का न्हाई बोललीस?"

"तुमी पेटीला हात लावू देता व्हय?"

तेही खरंच होतं. प्रशिक सकाळी कंपनीत गेला की सासूला निघायचं आणि त्याने विचारलंच तर दवाखान्यात गेल्यात असं सुनेने सांगायचं, असं दोघींचं ठरलं. सासू-सुनेचं एकमत झालं की घरातल्या पुरुषाला देवही वाचवू शकत नाही.

एसटीने चेलाडीपर्यंत आणि तिथून जीपमध्ये कोंबून घेत गीताबाई कापूरहोळला उतरली. मोबाईल बंडीत, बंडी पिशवीत, पिशवी पोटाशी. पंक्चरवाल्याच्या आणि मिसळीच्या ढाब्याच्या मधे वैष्णवीचं दुकान होतं, चार माणसं उभी राहिली तर पाचव्याने रस्त्यावर थांबावं एवढं. तिशीची बाई, कपाळावर भिंग बांधलेलं, हातात चिमटा. पुढ्यात एक मोबाईल पोट फाडून पडला होता.

गीताबाईने पिशवीतून बंडी काढली, बंडीतून मोबाईल काढला आणि काउंटरवर ठेवला. "फॉरमॅट मारायचा न्हाई," पहिलं वाक्य हेच.

वैष्णवी हसली. "नाही मारत, मावशी. बसा आधी. काय पाहिजे यातलं?"

"माझा मालक."

वैष्णवीचं हसू गेलं. तिने भिंग डोळ्यांवर ओढलं आणि मोबाईल हातात घेतला. फोटो गुगलवर चढवले होते का, जीमेल कोणाचं होतं, असे दोन-तीन प्रश्न विचारले. गीताबाईने प्रत्येकाला न्हाई म्हटलं. मग वैष्णवीने चार्जरची वायर जोडली, मोबाईल गीताबाईच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "धरून बसा. वर्षभर उपाशी आहे, वेळ लागेल."

बाहेर भोरकडे वळणारे ट्रक गिअर बदलत होते. गीताबाईचं लक्ष तळहातावर होतं. बराच वेळ गेला आणि मग हातातली वस्तू एकदाच, बारीकशी थरथरली.

"आलं!" वैष्णवी म्हणाली. "जीव आहे, मावशी. नुसते डोळे गेलेत."

गीताबाईने मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

वैष्णवीने सांगितलं ते सोपं होतं. तिच्याकडे मेलेल्या मोबाईलांचा एक डबा होता. त्यातला याच कंपनीचा, याच मापाचा फोल्डर ती तात्पुरता याला लावणार, फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेणार, आणि मग ज्याचं त्याला परत. तिने गरम हवेच्या यंत्राने गोंद सैल केला, फुटकी काच नखाएवढ्या पात्याने उचलली. काचेचा चुरा झटकायला गेली तर गीताबाई म्हणाली, "टाकू नगंस, ह्यात दे," आणि बंडीचा कोपरा पुढे केला. वैष्णवीने चुरा बंडीत ठेवला.

पडदा उजळला. गीताबाई पुढे झुकली. पण नाना कुठे दिसेनात. काळ्या पडद्यावर नुसते नऊ ठिपके. तीन, खाली तीन, खाली तीन.

"हे लॉक आहे," वैष्णवी म्हणाली. "या ठिपक्यांवरून बोट फिरवायचं. कसं फिरवायचे ते ठाऊक आहे?"

गीताबाईला कुठलं ठाऊक असणार? वैष्णवीने आपल्या अनुभवाने दोन-तीन आकार काढून बघितले. लोक आपल्या नावाचं इंग्रजी अक्षर काढतात म्हणाली. गीताबाई म्हणाली, ह्यांना मराठी सहीच तीन ठिकाणी थांबून यायची, इंग्रजी कुठलं काढतात. दर वेळी मोबाईल नकाराने थरथरला. वैष्णवीने हात आखडता घेतला. "उगाच ठोकत बसलो तर हा अडून बसेल. तुम्ही आठवा, मावशी. घाई नाही. उघडताना काही बोलायचे का ते?"

बोलायचे. मोबाईल उघडला की नाना दर वेळी म्हणायचे, "सोडलं पानी." प्रशिकने मोबाईल दिला त्या दिवशी तो लॉकसाठी कसलेसे आकडे सांगत होता, तर नाना म्हणाले होते, "मला आकडं नगं. म्या आपलं पानी सोडतो." बापलेक हसले होते. ती भाकऱ्या थापत होती आणि म्हाताऱ्याचं काहीतरीच, म्हणून तिने कानाआड केलं होतं.

तिने पुन्हा त्या ठिपक्यांकडे बघितलं. तीन, तीन, तीन.

"अगं बाय," ती म्हणाली, "ही तर आमची खाचरं."

डोंगराच्या उतारावर नानांच्या वडिलांनी दगड रचून भाताची नऊ खाचरं पाडली होती. तीन पायऱ्या, एकेका पायरीत तीन तुकडे. ओढ्याचं पाणी वरच्या पायरीच्या एका टोकाला आत घ्यायचं. ते तिन्ही तुकडे ओलांडून दुसऱ्या टोकाला गेलं की बांध फोडून खालच्या पायरीत उतरवायचं, तिथून उलटं माघारी आणायचं, पुन्हा खाली उतरवायचं. नऊच्या नऊ खाचरं एकाच पाण्याने भिजायची. हे पाणी फिरवण्यात नानांचं आयुष्य गेलं होतं आणि गीताबाईचंही. ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती पाणी कुठून कुठे जातं ते.

तिने बोट पदराला पुसलं. वर डावीकडे ओढा. तिथून तिने पाणी सोडलं, उजवीकडे नेलं, खाली उतरवलं, माघारी आणलं, पुन्हा उतरवलं, शेवटच्या खाचरातून बाहेर काढलं. नऊ ठिपके पुरे झाले.

मोबाईल नकाराने थरथरला.

गीताबाईचं तोंड उतरलं. "पानी तर असंच जातं गं," ती म्हणाली. "दुसरीकडनं जाईलच कसं?" आणि तशीच बसून राहिली. मिसळवाल्याने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. एवढ्या जवळ येऊन परत जायचं होतं. घरी तो कोटवाला वाटच बघत असणार.

मग ती एकाएकी उठून उभी राहिली. "म्या खालनं बघतीया," म्हणाली.

"म्हणजे?"

"घर खाली हाय आमचं. आमी बायका खालनं शेतात जातो. ह्ये वर असायचं, ओढ्याच्या तोंडाला, फावडं घिऊन. खाली तोंड करून."

तिने डोळे मिटले. दुकानाच्या त्या चार हात जागेत उभी राहून ती घरातून निघाली. खालच्या खाचरात शिरली, बांधाबांधाने वर चढली, मधल्या पायरीवर, मग वरच्या, आणि ओढ्याच्या तोंडाशी जिथे नाना उभे राहायचे तिथे जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती तिथे कधी थांबली नव्हती. तिथे बायकांचं कामच नसायचं. आता वळून तिने खाली बघितलं. ओढा उजव्या हाताला आला. पहिलं खाचर पायापाशी आलं. आणि सगळ्यात लांब, शेवटच्या खाचराच्या पलीकडे, आपलं घर आणि आपण रोज बसतो ती पडवी. तिथून सगळं दिसत होतं. म्हणजे नानांना ती रोज दिसत होती.

डोळे उघडून तिने मोबाईल घेतला आणि उजव्या हाताच्या खालच्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"मावशी, पाणी खालून वर चढवताय तुम्ही," वैष्णवी न राहवून म्हणाली.

"तुला तसं दिसतंय. त्यास्नी न्हाई."

खालची ओळ उजवीकडून डावीकडे, मधली डावीकडून उजवीकडे, वरची पुन्हा माघारी. बोट शेवटच्या ठिपक्यावर आलं, घरापाशी, आणि पडदा उघडला.

"सोडलं पानी," गीताबाई म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

फोटो तीनशेच्या वर होते. वैष्णवीने ते कॉम्प्युटरवर घेतले आणि मोठे करून एकेक दाखवायला लागली. कोंबडी. ढग. शेळीचं करडू. करडूच पुन्हा. गीताबाई पाठमोरी, डोक्यावर भारा. गीताबाई चुलीपुढे. गीताबाई तांदूळ पाखडताना. गीताबाई पडवीत झोपलेली, तोंड उघडं. "मेलं काय काय काडून ठिवलंय," ती पुटपुटली. वैष्णवी भराभर पुढे जात होती. दोघींचे डोळे एकाच गोष्टीसाठी टपलेले. शंभर झाले. दोनशे झाले. नाना नव्हते.

सेल्फी एकच निघाली. तिच्यात सारिकाचं अर्धं तोंड होतं आणि उरलेल्या फोटोवर, जिथे नाना असायला हवे होते तिथे, काहीतरी तांबूस आडवं आलेलं. वैष्णवीने ती दोनदा मोठी केली, मग पुढे सरकली.

शेवटाला दहा-बारा राहिले तेव्हा गीताबाईला कळून चुकलं. फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढणार? ती कधी म्हणाली होती का, आणा इकडं, तुमचा बी काडते? चाळीस वर्षांत एकदा? तिला स्वतःचा असा राग आला की खुर्चीवर बसवेना. त्या माणसाने तिला शेकडो वेळा बघून ठेवलं होतं आणि तिने त्याला एकदाही नाही.

"मावशी," वैष्णवी हळूच म्हणाली, "काका तर नाहीत यात. पण तुमचे फोटो छान आहेत. फक्त प्रत्येकात ते बोट आलंय बघा कोपऱ्यात."

"कसलं बोट?"

"हे काय. मोबाईल धरताना लेन्ससमोर आलंय. प्रत्येक फोटोत." तिने दाखवलं. कोपऱ्यात एक धूसर, तपकिरी पट्टा. करडाच्या फोटोत होता, ढगाच्या फोटोत होता. गीताबाईला तो आतापर्यंत मोबाईलचाच काही दोष वाटला होता. "आणि हा तर वायाच गेला," म्हणत वैष्णवीने शेवटचा फोटो उघडला. "कॅमेऱ्याने मागचं सोडून बोटच धरलंय."

शेवटचा फोटो त्या सकाळचा होता. पिवळं भात, त्यात हिरव्या लुगड्यातली गीताबाई, सगळं पाण्यात बघावं तसं अंधुक. तिचं तोंड उघडं, हात वर. आणि या सगळ्याच्या पुढे, अर्धा फोटो व्यापून, लख्ख एक बोट. सरळच्या सरळ. नखाच्या उभ्या दोन फाका, फाकेत चिखल, पेरावर जुन्या जखमेची गाठ. केस न् केस मोजावा इतकं स्वच्छ.

गीताबाईने खुर्चीचा हात धरला.

त्या फोटोत ती काय म्हणत होती ते तिला ठाऊक होतं. जगात एकटीलाच ठाऊक होतं. "बास करा त्यो फोटू! इळा घ्या की हातात, दिस कुठं आलाय!" असं ती ओरडत होती. हेच ते शेवटचं बोलणं. वर्षभर ते तिला सलत होतं. आणि म्हातारा काय करत होता, तर ते बोलणंसुद्धा जपून ठेवत होता.

"एका मिनिटाचं काम आहे," वैष्णवी म्हणत होती. तिचा हेतू चांगलाच होता. "ते बोट पुसून टाकते. त्या जागी भात जोडता येतं, कळणारसुद्धा नाही. मग तुम्ही स्पष्ट—"

गीताबाईने तिचं मनगट घट्ट पकडलं. "नगं गं बाय. तेवढंच ऱ्हायलंय त्यांचं."

वैष्णवीने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. जरा वेळाने तिने तो फोटो मोठ्या कागदावर छापून दिला. बाकीचे सगळे एका पेनड्राइव्हमध्ये भरले. फोल्डर परत काढायला गेली आणि थांबली. "राहू दे मावशी, यालाच," म्हणाली. "नाहीतरी डब्यातच पडून होता."

परतीच्या एसटीत गीताबाईला खिडकी मिळाली. फोटो मांडीवर, बंडीखाली. नसरापूर मागे पडलं तसे तिने भीतभीत डोळे मिटले. अपेक्षेप्रमाणे कोटवालाच आला. ती त्याच्याशी काही बोलली नाही. तिने नुसतं ते बोट धरलं. बोट धरू दिलं तर मनगट धरतो, असं लोक हावऱ्या माणसाला म्हणतात. गीताबाई त्या दिवशी तेवढीच हावरी झाली. बोटावरून ती मनगटावर गेली, मनगटावरून कोपरावर, तिथे गळवाचा व्रण होता तो सापडला. मग बंडीची उसवलेली बाही. मग मानेवरचा घाम, हनुवटीचे पांढरे खुंट, न कातरलेली मिशी, आठ्या. आणि सगळ्यात शेवटी डोळे, मोबाईलच्या आडून तिच्याकडे बघणारे. नाना खाकरले. वेल्हे येईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. कंडक्टरने दोनदा हाक मारली तेव्हा उठली.

प्रशिक घरी येऊन बसला होता. सारिकाने दवाखान्याचं सांगितलं होतं आणि त्याचा विश्वास बसला नव्हता. "आई, कुठं गेल्ती? फ्लेक्सवाल्याला आत्ता फोटू पाठवायचाय."

"पाठीव की," गीताबाई म्हणाली. "कोटवाला ऱ्हाऊ दे अंगणात. पावन्यांस्नी बरा हाय." आणि तिने स्टुलावर चढून, भिंतीवरच्या कोटाच्या बरोबर खाली, नवा फोटो टाचण्यांनी लावला. लावून जरा मागे सरली, बघितलं, आणि हात जोडले.

प्रशिक जवळ आला. शेत दिसत होतं, ओरडणारी आई दिसत होती. त्याने मान वाकडी करून बघितलं, सरळ करून बघितलं. "हा कुठनं आणला? आन् ह्यात नाना कुठं हायती?"

गीताबाईने चुलीपुढचा पाट ओढला आणि पिठाचं भांडं घेतलं.

"त्ये फोटू काडत्यात," ती म्हणाली.